सांगलीकरांचा विमानप्रवास : दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

सांगली जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा असलेला विमानतळ नाही. कवलापूरच्या जागेची चर्चा इथली माणसे वर्षानुवर्षे ऐकत आली आहेत. शेजारच्या कराडची धावपट्टी १९५५ साली कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधली गेली, पण तिथूनही तिकीट काढून बसावे असे विमान सुटत नाही. त्यामुळे सांगली, मिरज, तासगाव, पलूस या भागातल्या माणसाचा विमानप्रवास बहुधा कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीहून सुरू होतो, आणि तिथून हवे ते विमान नसेल तर बेळगावचे सांबरा किंवा पुण्याचे लोहगाव गाठावे लागते.

पहिल्यांदा विमानाने जाणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो, किती लांब आहे आणि किती वेळ लागेल. इंटरनेटवर दोन्हींची उत्तरे क्षणात मिळतात, पण तीन ठिकाणी पाहिले तर तीन उत्तरे दिसतात, आणि तिकिटावरचा वेळ त्या तिन्हींशी जुळत नाही. यात कोणी फसवत नसते, प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत असतो. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर हा हिशोब घरी करता येतो. उदाहरणासाठी मी कोल्हापूर ते तिरुपती हा मार्ग घेतला आहे, कारण दोन्ही विमानतळ प्रादेशिक आहेत आणि आपल्या भागातून बालाजीला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

आधी विमानतळ नक्की करावा

अंतर शहरांमधले काढायचे नसून विमानतळांमधले काढायचे आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी संकेत असतो : कोल्हापूर केएलएच, बेळगाव आयएक्सजी, पुणे पीएनक्यू, तिरुपती टीआयआर. तिकीट काढताना शहराच्या नावाऐवजी हा संकेत टाकला तर चुकीला जागा राहत नाही. ‘के’ ‘ओ’ ‘एल’ टाइप करताच यादीत कोल्हापूरच्या आधी कोलकाता दिसणे अगदी नेहमीचे आहे. गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि ते राज्याच्या दोन बाजूंना आहेत. मुंबईच्या बाबतीतही ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून नुसते ‘मुंबई’ म्हणून भागत नाही.

तिरुपतीचा विमानतळही खुद्द तिरुपतीत नसून रेणिगुंट्याला आहे. तिथून तिरुपती शहर सुमारे १५ किलोमीटर आणि तिरुमला डोंगरावरचे देऊळ घाटरस्त्याने सुमारे ४० किलोमीटर पडते. हे अंतर विमानाच्या हिशोबात कुठेही दिसत नाही, पण ते आपल्यालाच कापायचे असते.

अक्षांश आणि रेखांश घेणे

मोबाइलवर गुगल मॅप्स उघडून विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरले की स्वल्पविरामाने तोडलेले दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांशानंतरचे दोन अंक आपल्या कामाला पुरेसे आहेत. कोल्हापूरसाठी १६.६६ आणि ७४.२९, तर तिरुपतीसाठी १३.६३ आणि ७९.५४ हे आकडे मिळतात.

इथे दोन घोटाळे हमखास होतात. पहिला आकड्यांच्या क्रमाचा. कोल्हापूरचे दोन आकडे उलटे टाकले तर नकाशा थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पोचतो, त्यामुळे ही चूक निदान लगेच दिसते. दुसरा घोटाळा अधिक लबाड आहे. जुन्या नकाशांत आणि काही सरकारी कागदपत्रांत स्थान अंश आणि कलांमध्ये दिलेले असते, आणि १६ अंश ४० कला म्हणजे १६.४० नव्हे. एका अंशाच्या ६० कला असल्यामुळे ४० ला ६० ने भागावे लागते आणि उत्तर १६.६७ येते. हे भागायचे विसरले तर उजळाईवाडीचा विमानतळ सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे निपाणीच्या रेषेवर जाऊन बसतो, आणि अंतिम उत्तर पटण्याजोगे दिसत असल्याने चूक ध्यानातही येत नाही.

अंतर काढणे

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, आणि हे माप जगभर जवळजवळ सारखेच असते. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असला, तरी रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींच्या जवळ येत असल्यामुळे आपल्याकडे तो थोडा आखूड होतो. किती आखूड होतो, हे अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते.

कोल्हापूर आणि तिरुपती यांच्या अक्षांशांतला फरक ३.०३ अंश आहे. त्याला १११ ने गुणले की दक्षिणोत्तर अंतर ३३६ किलोमीटर येते. रेखांशांतला फरक ५.२५ अंश आहे आणि त्याला १११ ने गुणले की ५८३ येतात. आता दोन्ही अक्षांशांची सरासरी काढावी, ती सुमारे १५.१५ अंश भरते. तिचा कोसाइन ०.९६५ आहे आणि ५८३ ला त्याने गुणले की पूर्वपश्चिम अंतर सुमारे ५६२ किलोमीटर मिळते. या दोन अंतरांचा काटकोन त्रिकोण झाला, आणि त्याचा कर्ण शाळेत शिकल्याप्रमाणेच काढायचा. ३३६ चा वर्ग १,१२,८९६, ५६२ चा वर्ग ३,१५,८४४, बेरीज ४,२८,७४० आणि तिचे वर्गमूळ सुमारे ६५५. म्हणजे कोल्हापूर ते तिरुपती हवाई अंतर अंदाजे ६५५ किलोमीटर आहे.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सूचना. मोबाइल आडवा धरल्यावर कोसाइनचे बटण दिसते, पण त्याआधी कोपऱ्यात ‘डिग्री’ निवडलेली आहे की ‘रेडियन’ हे पाहावे. रेडियनवर राहिले तर १५.१५ चा कोसाइन उणे येतो. उणे चिन्ह दिसले की तिथेच थांबून ती खूण बदलावी.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा त्रिकोण कसा चालेल, अशी शंका योग्यच आहे. दिल्ली ते लंडनसारख्या अंतराला हा त्रिकोण चालत नाही आणि गोलाचे वेगळे सूत्र लागते. हजार किलोमीटरच्या आतील देशांतर्गत मार्गांवर मात्र दोन्ही रीतींच्या उत्तरांत दोनचार किलोमीटरचाच फरक पडतो, आणि वेळेच्या हिशोबात तो मिनिटभराचाही नसतो. अंतर सागरी मैलांत हवे असेल तर किलोमीटरला १.८५२ ने भागावे, ६५५ किलोमीटर म्हणजे सुमारे ३५४ सागरी मैल. विमानाचा वेग ‘नॉट’मध्ये सांगतात तेव्हा तो ताशी सागरी मैलांचा असतो, एवढे ठाऊक असले की विमान दाखवणाऱ्या ॲपवरचे आकडे वाचता येतात.

याच रीतीने कोल्हापूर ते हैदराबाद सुमारे ४४५ आणि कोल्हापूर ते मुंबई सुमारे ३१० किलोमीटर येते. मुंबईचे रस्त्याने अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे.

वेळ काढताना नवखा माणूस कुठे अडतो

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे गणित मोटारीला साधारण लागू पडते, विमानाला मात्र ते थेट लागू पडत नाही. लहान मार्गांवर दोन प्रकारची विमाने दिसतात. पंख्याचे एटीआर ७२ हे विमान वरच्या उंचीवर ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जाते, तर एम्ब्राएरसारखे छोटे जेट ताशी ८०० च्या आसपास. पण हे वेग फक्त मधल्या टप्प्यातले आहेत. चढताना आणि उतरताना विमान बरेच सावकाश असते, आणि दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळावी लागते. जेटला ही मर्यादा जास्त जाचते, कारण त्याला आपला खरा वेग दाखवायला जागाच कमी उरते. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे आणि उतरल्यावर जागेवर येणे यांतही वेळ जातो.

म्हणून माझा ठोकताळा असा आहे की भागाकार करून आलेल्या मिनिटांत पंख्याच्या विमानासाठी २५ आणि जेटसाठी ३० मिनिटे मिळवावीत. रिक्षात बसताच किमान भाडे पडते तसा हा भाग अंतर कितीही कमी असले तरी द्यावाच लागतो.

तिरुपतीच्या ६५५ किलोमीटरला एटीआर ७९ मिनिटे घेईल, त्यात २५ मिळवले की सुमारे पावणेदोन तास झाले. जेट ४९ मिनिटे घेईल, त्यात ३० मिळवले की एक तास वीस मिनिटे. इथे जेटने २५ मिनिटे वाचवली. मुंबईच्या ३१० किलोमीटरला मात्र एटीआरचे ३७ अधिक २५, म्हणजे ६२ मिनिटे आणि जेटचे २३ अधिक ३०, म्हणजे ५३ मिनिटे होतात. वेगात ताशी ३०० किलोमीटरचा फरक असूनही हाती नऊच मिनिटे लागली. कमी अंतरावर विमानाच्या प्रकारापेक्षा त्याची सुटण्याची वेळ आपल्याला सोयीची आहे का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरचा ‘उड्डाणाचा वेळ’ का जुळत नाही, हेही यातून उलगडते. त्यांतली अनेक संकेतस्थळे कोणत्या मार्गावर कोणते विमान उडते हे न पाहता सर्वत्र जेटचाच वेग धरतात आणि वर अर्धा तास मिळवतात. तिथे दिलेल्या वेळेतून ३० मिनिटे वजा करून उरलेल्या वेळेने अंतराला भागून पाहावे, ८०० च्या आसपासचा आकडा आला की त्यांचे गणित कळले.

तिकिटावरचा वेळ नेमका कशाचा असतो

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमानाची चाके जमीन सोडण्याची वेळ नसते. विमान उभे असताना त्याच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हलते ती सुटण्याची वेळ, आणि पोचल्यावर पुन्हा ठोकळे लावले जातात ती पोचण्याची वेळ. खिडकीशी बसणाऱ्याला उजळाईवाडीसारख्या लहान विमानतळावर कर्मचारी हे ठोकळे हाताने ओढून नेताना स्वच्छ दिसतो. त्या क्षणी घड्याळ पाहावे, आणि चाके जमीन सोडतात तेव्हा पुन्हा पाहावे. या दोहोंमधली मिनिटे आपल्या ठोकताळ्यातल्या २५ मिनिटांचाच भाग असतात. विमान दाखवणाऱ्या ॲपवर मात्र बहुधा फक्त हवेतला वेळ दिसतो, म्हणून तो तिकिटापेक्षा कमी भरतो.

यावर कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळी मिनिटेही ठेवतात. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी हवेत घिरट्या घालाव्या लागणे नवे नाही, त्यामुळे तिथे आपल्या ५३ मिनिटांच्या हिशोबापेक्षा तिकिटावरचा वेळ जास्त दिसला तर आश्चर्य मानू नये. देशभर एकच प्रमाणवेळ असल्याने पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली की पुरते. पुण्याहून दुबईला जाणाऱ्याने तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते हे धरावे.

सरळ रेषा, वारा आणि धावपट्टी

आपण काढलेले ६५५ किलोमीटर ही सरळ रेषा आहे. विमान तिच्यावरून तंतोतंत जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, लष्करी हवाई क्षेत्रे टाळावी लागतात आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. कोल्हापूरची धावपट्टी ०७-२५ या नावाची आहे, म्हणजे तिचे एक तोंड होकायंत्रावर सुमारे ७० अंशांकडे आणि दुसरे २५० अंशांकडे आहे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन जमिनीवरून उठते. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा असल्याने विमान बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उठते आणि मग वळून आग्नेयेला तिरुपतीची वाट धरते. खिडकीतून सह्याद्रीची रांग जवळ येताना पाहून चुकीच्या दिशेला चाललो की काय असे वाटले, तरी घाबरण्याचे कारण नाही. त्या वळणात काही मिनिटे जातात, एवढेच.

वरच्या वाऱ्याचा परिणामही मोजता येतो. एटीआरला समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून पाहता त्याचा वेग ४६० उरतो आणि ७९ मिनिटांची ८५ होतात. जाताना आणि येताना एकाच मार्गाचे वेळ वेगवेगळे का छापलेले असतात, त्याचे एक कारण हे आहे.

थेट विमान नसेल तर

प्रादेशिक मार्गांवरील विमाने आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात असे पुष्कळदा घडते, आणि मग हैदराबादमार्गे जाण्याचा विचार येतो. कोल्हापूर ते हैदराबाद ४४५ आणि हैदराबाद ते तिरुपती सुमारे ४१७, मिळून ८६२ किलोमीटर, म्हणजे थेट मार्गापेक्षा दोनशेहून थोडे जास्त. पण खरी वाढ अंतराची नसते. किमान भाड्यासारखा तो भाग आता दोनदा द्यावा लागतो. एटीआरने पहिल्या टप्प्याला ७८ आणि दुसऱ्याला ७५, अशी १५३ मिनिटे होतात, आणि मधला थांबा दीड तासाचा धरला तरी एकूण चार तास भरतात. थेट विमान पावणेदोन तासांत पोचवते. दोन टप्प्यांची तिकिटे एकाच बुकिंगवर असावीत, हा माझा आग्रह आहे. वेगवेगळी काढली आणि पहिले विमान रखडले, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही. तशी काढावीच लागली तर मध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये. विटा, आटपाडी, खानापूरकडच्या गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायातल्या मंडळींना दक्षिणेतल्या लहान शहरांत जाताना हे नेहमीच लागते.

घरापासून दारापर्यंतचा हिशोब

सांगली ते उजळाईवाडी सरळ रेषेत सुमारे ३७ किलोमीटर भरते, पण रस्ता अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, चोकाक, शिरोली असा जातो आणि महामार्गाला लागून पुढे तावडे हॉटेलवरून विमानतळाकडे वळतो, त्यामुळे प्रत्यक्षात ५० किलोमीटरच्या पुढे जातो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकणे गृहीत धरून दीड तास ठेवावा. विमानतळावर सुटण्याच्या दीड तास आधी हजर राहावे, कारण कंपनीनुसार थोडा फरक असला तरी सामानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. त्यात उड्डाणाचे पावणेदोन तास, उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास आणि रेणिगुंट्याहून तिरुमलापर्यंत दीड तास मिळवला की बेरीज पावणेसात तास होते. त्यातला विमानाचा वाटा जेमतेम पाव आहे. मिरजेहून जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस दिवसरात्र धरून जे अंतर कापते त्याच्यापुढे हे फारच कमी आहे, म्हणून तिरुपतीला विमान परवडत असेल तर घ्यावे, असेच मी सांगेन. दर्शनाचे वेळ दिलेले तिकीट काढताना मात्र विमान उतरण्याची वेळ आणि दर्शनाची वेळ यांत निदान चार तासांचे अंतर असू द्यावे, आणि जमल्यास दर्शन दुसऱ्या दिवशीचेच घ्यावे.

मुंबईचे उत्तर वेगळे येते. दीड तास रस्ता, दीड तास विमानतळ, एक तास विमान, अर्धा तास सामान आणि पुढे मुंबईतल्या रहदारीत एक तास असे साडेपाच तास जातात, आणि तेही विमान आपल्या सोयीच्या दिवशी व वेळी असेल तरच. सकाळी दहाला मंत्रालयात किंवा न्यायालयात काम असेल तर आदल्या रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपून जाणे आजही सरस ठरते.

बेळगाव किंवा पुण्याहून विमान स्वस्त दिसले, तरी हीच बेरीज करावी. सांबरा सव्वाशे ते दीडशे आणि लोहगाव सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर पडते, आणि वाचलेले पैसे गाडीभाड्यात जातात की नाही, हे तिथेच कळते. भाड्यावरून आठवले, ‘उडान’ या केंद्राच्या योजनेत सुरुवातीला सुमारे ५०० किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित केले होते, म्हणजे आपण काढलेले अंतर तिकिटाच्या दराशीही जोडलेले आहे.

निघण्यापूर्वी

विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखांच्या पलीकडचे तिकीट आधी काढलेले असेल तर सुटण्याची वेळ नंतर पुन्हा तपासावी. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याचीही चौकशी करावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी येऊन महामार्ग बंद पडला होता, आणि अशा दिवसांत विमान वेळेवर असून माणूस अलीकडच्या काठावर राहतो. पुराची चिन्हे असतील तर आदल्या दिवशीच कोल्हापूरला मुक्कामी जावे.

शेवटची तपासणी प्रवासाच्या दिवशी करायची. लहान विमानतळावर आपले विमान आधी दुसऱ्या शहराहून येते आणि थोड्या वेळात पुढे निघते, त्यामुळे ते तिकडेच उशिरा सुटले की आपलाही उशीर ठरलेला असतो. विमान दाखवणाऱ्या ॲपवर येणाऱ्या विमानाचा क्रमांक टाकून ते निघाले की नाही हे पाहता येते, आणि अंतर आपल्याला ठाऊक असल्याने ते कधी टेकेल याचा अंदाजही बांधता येतो. मात्र उशीर दिसला म्हणून घरून उशिरा निघू नये. कंपनीचा अधिकृत संदेश येईपर्यंत काउंटर बंद होण्याची वेळ मूळ वेळापत्रकाप्रमाणेच धरावी.